धावण्याच्या बुटांचा वास धुऊनही परत का येतो

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपले चिरंजीव पोलीस भरतीच्या तयारीसाठी साताऱ्यात खोली घेऊन राहतात. पहाटे अजिंक्यताऱ्याचा चढ आणि त्यानंतर मैदानावर १६०० मीटरचा सराव असा त्यांचा क्रम आहे. त्यांच्या बुटांना इतका उग्र वास येतो की खोलीतली मुले बूट दाराबाहेर ठेवायला लावतात, आणि तिथे पावसाची झड येते. बूट दोनदा साबणाने धुऊन झाले, उन्हात ठेवून झाले, सुगंधी स्प्रेही मारून झाला. दर वेळी वास गेल्यासारखा वाटतो, पण बूट घालून अर्धा तास धावले की तोच वास पुन्हा सुरू होतो. बूट महागाचे आहेत आणि अजून फाटलेले नाहीत, तेव्हा ते टाकून द्यावेत की काही उपाय आहे, असे आपण विचारले आहे.

बूट टाकून देण्याची वेळ बहुधा येणार नाही. खेळाच्या बुटांची दुरुस्ती आणि धुलाई हा माझा साताऱ्यातला अनेक वर्षांचा व्यवसाय आहे, आणि जून ते सप्टेंबर या काळात माझ्याकडे येणाऱ्या बुटांत याच तक्रारीचे बूट सर्वांत जास्त असतात. त्यांच्यात एक गोष्ट हमखास सारखी आढळते. ते घरी एकदा तरी धुतलेले असतात, पण आतून पूर्ण वाळलेले नसतात. वरचे जाळीचे कापड हाताला कोरडे लागते, म्हणून बूट वाळले असे समजून ते घातले जातात, आणि आतला ओलावा तसाच राहतो. धुण्याने वास तेवढ्यापुरता जातो. तो परत येऊ नये यासाठी बूट खोलवर वाळवावा लागतो. आपल्या प्रश्नाचे उत्तर मुख्यतः वाळवण्यात आहे, साबण कोणता वापरावा यात फारसे नाही.

वास कशामुळे येतो हे समजले की कोणता उपाय उपयोगी आणि कोणता निरुपयोगी हे आपले आपल्यालाच ठरवता येते, म्हणून ते थोडे विस्ताराने सांगतो. तळपायावर घामाच्या ग्रंथी फार दाट असतात. दोन्ही पायांच्या मिळून त्या सुमारे अडीच लाख धरल्या जातात. ताज्या घामाला स्वतःचा असा वास जवळजवळ नसतोच. आपल्या कातडीवर कायम वस्तीला असणारे जिवाणू घामातील आणि झडलेल्या मृत त्वचेतील द्रव्ये खातात, आणि त्यातून जे उरते त्याला वास येतो. स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस हा अगदी साधा, एरवी निरुपद्रवी जिवाणू घामातील ल्युसिन या अमिनो आम्लापासून आयसोव्हॅलेरिक आम्ल बनवतो, आणि पायांचा जो ओळखीचा आंबूस वास असतो तो प्रामुख्याने याच आम्लाचा असतो. ब्रेव्हिबॅक्टेरियम या कुळातले जिवाणू गंधकयुक्त वायू सोडतात. युरोपातील काही उग्र वासाच्या चीजवर याच कुळातला एक जिवाणू मुद्दाम वाढवला जातो. या जिवाणूंना वाढायला ऊब, खाद्य आणि ओलावा या तीन गोष्टी लागतात. पायाची ऊब आपण थांबवू शकत नाही. खाद्य धुऊन काढता येते, परंतु एका सरावात ते पुन्हा जमा होते. खऱ्या अर्थाने आपल्या हातात राहतो तो ओलावा. धुतलेल्या पण दमट बुटात थोडे जरी जिवाणू शिल्लक असले तरी त्यांना पाण्याची सोय आयतीच असते, आणि पाय आत गेला की ऊब व खाद्यही मिळते. आपल्याला अर्ध्या तासात वास परत येताना दिसतो तो असा.

आता बुटाची आतली रचना पाहू, कारण सगळा बूट सारखा वास धरत नाही. पायाखाली जी सुटी गादी असते, म्हणजे इनसोल, ती बहुतेक बुटांत फोमची असते आणि वर पातळ कापड चिकटवलेले असते. तिच्या खाली बुटाच्या वरच्या भागाला शिवलेले जाड कापड किंवा पुठ्ठ्यासारखा थर असतो. त्याखालचा जाड पांढरा सोल सहसा इव्हीए या हलक्या प्लॅस्टिकच्या फोमचा असतो. त्याच्यातल्या हवेच्या बारीक पोकळ्या बंद असल्यामुळे तो पाणी फारसे पीत नाही आणि वासाच्या बाबतीत तो निर्दोष असतो. टाचेभोवतीची गादी आणि जीभ यांच्या आत मात्र मऊ स्पंज भरलेला असतो, आणि तो भांडी घासण्याच्या स्पंजाप्रमाणे पाणी धरून ठेवतो. वासाची ठाणी म्हणजे इनसोल, तिच्याखालचा थर, जीभ आणि टाचेची गादी ही चार. माझ्याकडे आलेल्या बुटाचा इनसोल मी पहिल्यांदा उपसतो तेव्हा वरच्या बाजूला पाच बोटांचे काळपट ठसे दिसतातच, पण तो उलटा केला की खरी परिस्थिती कळते: चवड्याखाली कापड ओलसर आणि चिकट लागते, कडेला मुरमाची बारीक कच बसलेली असते, आणि टाचेच्या खोलगट भागात अनेकदा बुरशीचे राखाडी-काळे ठिपके असतात. घरी बूट अख्खा बादलीत बुडवून धुणारे लोक इनसोल बाहेर काढतच नाहीत, त्यामुळे ही सगळी वस्ती साबणाचे पाणी पिऊन तशीच आत राहते.

तेव्हा पहिले काम म्हणजे नाड्या आणि इनसोल बाहेर काढणे. काही बुटांत इनसोल हलका चिकटवलेला असतो. टाचेकडून बोट घालून सावकाश उचलला तर तो न फाटता निघतो. बाहेर काढल्यावर इनसोल, जीभ आणि बुटाची आतली टाच यांचा वेगवेगळा वास घेऊन पाहावा. हे काम नकोसे वाटते, परंतु वास नेमका कुठे आहे हे कळल्याने निम्मी मेहनत वाचते. वास केवळ इनसोलला असेल, तर नवी इनसोलची जोडी घालून प्रश्न त्याच दिवशी मिटू शकतो, आणि ती बुटाच्या किमतीच्या मानाने अगदी स्वस्त पडते.

इनसोल धुण्यासाठी एक लिटर कोमट पाण्यात एक चमचा चांगली कपडे धुण्याची पावडर घालावी. पाकिटावर एन्झाइमचा उल्लेख असलेली पावडर मिळाली तर उत्तम, कारण ही एन्झाइमे घामातील प्रथिने आणि मृत त्वचा यांचे तुकडे करतात, म्हणजे जिवाणूंचे खाद्यच काढून घेतात. पाणी हाताला सुखाने सोसेल इतपत, सुमारे ४० अंशांचे असावे. उकळत्या पाण्यात एन्झाइमे निकामी होतात आणि फोमही वाकडा होतो. अर्धा तास भिजवून जुन्या टूथब्रशने दोन्ही बाजू घासाव्यात आणि बुळबुळीतपणा जाईपर्यंत स्वच्छ पाण्यात चुबकून काढावे. साबण राहिला तर तो पुढे ओलावा धरतो, म्हणून खळबळण्यात कसूर करू नये. इनसोल पिळू मात्र नये. जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळून त्यावर उभे राहिले की बरेचसे पाणी टॉवेलमध्ये उतरते. चामड्याचा इनसोल भिजवायचा नसतो, तो ओल्या फडक्याने पुसून घ्यावा.

बुटाचा उरलेला भाग शक्यतो बुडवू नये. त्याच साबणाच्या पाण्यात ब्रश बुडवून जीभ, टाचेची गादी आणि आतला तळ घासावा आणि स्वच्छ ओल्या फडक्याने तीन-चार वेळा पुसून काढावा. चिखलात पूर्ण माखलेला बूट धुवावाच लागतो, पण तेव्हाही तो पाण्यात तासन्‌तास ठेवू नये. वॉशिंग मशीनमध्ये बूट टाकण्याचे मी कोणालाही सुचवत नाही: सोल आणि वरचा भाग जोडणारा डिंक हिसक्यांनी सैल होतो, आणि स्पंजात इतके पाणी शिरते की ते काढता काढता दोन दिवस जातात. क्लोरीनचे ब्लीच तर पूर्ण वर्ज्य समजावे. त्याने जिवाणू मरतात हे खरे, पण नायलॉनची जाळी पिवळी पडते आणि ताणणारे धागे कमजोर होतात.

धुतल्यावर थोडासा वास उरला असेल तर त्याची जात ओळखावी. आंबट वासावर खाण्याचा सोडा उपयोगी पडतो, कारण आयसोव्हॅलेरिक आम्लाशी त्याची क्रिया होऊन जो क्षार तयार होतो तो हवेत उडत नाही, आणि जे उडत नाही ते नाकाला लागत नाही. कोरड्या बुटात प्रत्येकी दोन चमचे सोडा जुन्या पातळ मोज्यात बांधून रात्रभर ठेवावा आणि सकाळी काढून घ्यावा. सुटा भुरभुरलेला सोडा तसाच ठेवून पळायला गेले तर घामाने त्याचा लगदा होतो आणि पायाला खाज सुटते. सोड्याने जिवाणू मरत नाहीत, हे ध्यानात ठेवावे. याउलट वास नाकाला झोंबणारा, अमोनियासारखा असेल, तर एक भाग पांढरे व्हिनेगर आणि एक भाग पाणी या मिश्रणात फडके भिजवून आतून पुसावे. दोन्ही पदार्थ एकत्र करण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी सांगितली जाते. ती व्यर्थ आहे. फेस जोरात येतो, परंतु आम्ल आणि सोडा एकमेकांना संपवतात आणि हाती फक्त खारट पाणी राहते.

जिवाणूंवर थेट काम करणारा घरगुती पदार्थ म्हणजे औषधाच्या दुकानात मिळणारे सर्जिकल स्पिरिट किंवा ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल. ७० टक्केच घ्यावे. त्यातील पाण्यामुळे ते पेशीत अधिक चांगले शिरते, जवळजवळ शुद्ध अल्कोहोल त्या आधीच उडून जाते. स्प्रेच्या बाटलीत भरून आठवड्यातून एकदा सरावानंतर आतून हलके फवारावे आणि पूर्ण उडू द्यावे. आधी एका कोपऱ्यात रंग जातो का ते पाहावे. खोलीत गॅस, उदबत्ती किंवा देवासमोरचा दिवा पेटलेला असेल तर हे काम बाहेर मोकळ्या हवेत करावे. अल्कोहोल पटकन पेट घेते, आणि मुलांच्या छोट्या खोलीत ही काळजी मला सर्वांत महत्त्वाची वाटते.

आता वाळवण्याकडे येतो. आपल्याकडे पावसाळ्यात, विशेषतः यवतेश्वरच्या आणि कासच्या बाजूला, हवाच इतकी दमट असते की नुसता उघडा ठेवलेला बूट दोन दिवसांतही वाळत नाही. म्हणून पाणी आधी ओढून घ्यावे लागते आणि मग वारा द्यावा लागतो. सरावाहून आल्याबरोबर इनसोल काढावा, नाड्या सैल करून जीभ पूर्ण बाहेर ओढावी, आणि वर्तमानपत्राचे चुरगळलेले कागद थेट चवड्याच्या टोकापर्यंत कोंबावेत. पहिले कागद अर्ध्या तासात बदलावेत, कारण सर्वांत जास्त पाणी त्यांनीच ओढलेले असते. ते तसेच ठेवले तर तेच पाणी बुटाला परत मिळते. दुसरे कागद दोन-तीन तास ठेवावेत. त्यानंतर कागद काढून बुटाची तोंडे टेबल फॅनकडे करून रात्रभर वारा द्यावा. छताच्या पंख्याचा वारा बुटाच्या आत शिरत नाही. इनसोल भिंतीला टेकवून उभा ठेवावा, म्हणजे त्याच्या दोन्ही बाजूंना हवा लागते.

उष्णतेचा मोह टाळावा. गावाकडे बंबाच्या शेजारी किंवा चुलीच्या उबेला बूट ठेवण्याची रीत आहे, आणि त्यातून सोल उकललेले बूट माझ्याकडे दर पावसाळ्यात येतात. बुटाचे बरेचसे डिंक कारखान्यात सुमारे ६० अंशांपर्यंत तापवून मऊ करूनच जोडले जातात; तेवढी आच पुन्हा मिळाली की ते पुन्हा मऊ होतात. शिवाय इव्हीए फोम उष्णतेने आकसतो आणि त्याचा लवचिकपणा जातो, जो धावणाऱ्याच्या गुडघ्यांसाठी महत्त्वाचा असतो. सकाळचे कोवळे ऊन तासभर चालेल. एप्रिल-मेच्या दुपारी गच्चीवर बूट टाकणे मात्र नुकसानीचे आहे, आणि उन्हातील अतिनील किरण बुटाच्या अंधाऱ्या पोकळीत पोहोचत नसल्यामुळे त्याचा आतल्या जिवाणूंवर अपेक्षित परिणामही होत नाही.

बूट खरोखर वाळला की नाही हे हाताने कळत नाही, म्हणून मी ग्राहकांना दोन खुणा सांगतो. रात्री चवड्यात कोऱ्या वर्तमानपत्राचा एक बोळा घालून ठेवावा; सकाळी तो उलगडताना कुरकुरीत वाजला तर बूट कोरडा आहे, आणि कागद मऊ, लोळा झालेला लागला तर आत अजून पाणी आहे. दुसरी खूण अधिक नेमकी आहे. उन्हाळ्यात, बूट ठणठणीत कोरडा असताना, स्वयंपाकघरातील डिजिटल काट्यावर एका बुटाचे वजन करून ते जिभेच्या आतल्या बाजूला पेनाने लिहून ठेवावे. पावसाळ्यात वाळवल्यावर पुन्हा वजन करावे. जितके ग्रॅम जास्त भरतील तितके पाणी आत शिल्लक आहे, यात अंदाजाचा प्रश्नच राहत नाही. सातारा हिल हाफ मॅरेथॉन २०१२ पासून होत आहे आणि तिचा सराव ऐन पावसात चालतो. त्या धावपटूंपैकी ज्यांनी ही वजनाची सवय लावून घेतली, त्यांचे बूट माझ्याकडे वासासाठी परत येत नाहीत.

या सगळ्याचा अर्थ असा होतो की रोज धावणाऱ्याला एकच बूट पुरत नाही, कारण २४ तासांत बूट पावसाळ्यात वाळत नाही. दोन जोड आलटून पालटून वापरणे हा सर्वांत चांगला मार्ग आहे, आणि त्याने दोन्ही जोड जास्त टिकतातही. भरतीची तयारी करणाऱ्या मुलांना तो खर्च झेपत नाही, याची मला पूर्ण जाणीव आहे. त्यांनी निदान इनसोलच्या दोन जोड्या ठेवाव्यात, एक पायात आणि एक वाळत. सर्वांत जास्त घाम इनसोलच पितो, त्यामुळे एवढ्यानेही मोठा फरक पडतो. ओला बूट प्लॅस्टिकच्या पिशवीत, गाडीच्या डिकीत किंवा पत्र्याच्या पेटीत बंद करून ठेवण्याची सवय मात्र आजच सोडावी. खोलीतल्या मित्रांनी बूट बाहेर ठेवायला लावणे स्वाभाविक आहे, पण झड लागणाऱ्या ठिकाणी ठेवलेला बूट वासाचे कारणच वाढवतो. त्याऐवजी खिडकीच्या आतल्या बाजूला पंख्यासमोर जागा करून द्यावी, अशी त्यांना विनंती करावी.

बाजारातील सुगंधी स्प्रे वासावर वास चढवतात, त्यापलीकडे त्यांचा उपयोग नाही. बूट फ्रीजरमध्ये ठेवल्याने जिवाणू बहुतांशी मरत नाहीत, थंडीत स्वस्थ बसून राहतात. डांबराच्या गोळ्या बुटात घालणे तर मी कोणालाही करू देणार नाही; त्यातील नॅफ्थलिनची वाफ बंद खोलीत झोपणाऱ्यांच्या फुप्फुसात जाते, आणि घरात तान्हे मूल असेल तर ती विशेष घातक ठरू शकते.

बुटांइतकेच पायांकडे पाहणे आवश्यक आहे, कारण जिवाणू मुळात पायांवरूनच बुटात येतात. सुती मोजे घाम पितात, पण तो सोडत नाहीत आणि पाय ओला ठेवतात. धावण्यासाठी पॉलिस्टर मिश्रित पातळ मोजे घ्यावेत, रोज बदलावेत, आणि उलटे करून धुवावेत, कारण मळ आतल्या बाजूला असतो. सरावानंतर पाय साबणाने, बोटांच्या बेचक्यांसह धुऊन पूर्ण कोरडे करावेत. ज्यांच्या तळव्यांना फारच घाम येतो त्यांना तुरटीच्या पाण्यात किंवा गार केलेल्या बिनदुधाच्या कडक चहात रोज पंधरा-वीस मिनिटे पाय ठेवण्याचा फायदा होतो. तुरटी आणि चहातील टॅनिन दोन्ही त्वचा आकसवतात आणि घाम काहीसा कमी होतो.

एक तपासणी मात्र चिरंजीवांनी आजच करावी. पाय दहा मिनिटे पाण्यात ठेवून तळवा उजेडात पाहावा. टाचेवर आणि चवड्यावर, जिथे भार पडतो तिथे, टाचणीने टोचल्यासारखे बारीक खड्डे आणि त्याभोवती पांढरट, फुगलेली कातडी दिसली, तर तो जिवाणूंचा त्वचारोग असण्याची शक्यता आहे. त्याचा वास अत्यंत उग्र असतो आणि बूट कितीही धुतले तरी तो जात नाही. त्वचारोगतज्ज्ञ त्यावर लावण्याचे प्रतिजैविक मलम देतात आणि तो सहसा काही आठवड्यांत बरा होतो. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या असतील, म्हणजे कातडी पांढरी पडून सोलत आणि खाजत असेल, तर ते बुरशीचे काम आहे आणि त्याचे औषध वेगळे असते, म्हणून दुकानातून अंदाजाने मलम आणू नये. घरात कोणाला मधुमेह असेल आणि त्यांच्या पायाला असे काही दिसले, तर त्यांनी एक दिवसही थांबू नये. औषध सुरू असताना बूट आणि मोजे वर सांगितल्याप्रमाणे धुऊन वाळवावेतच, नाहीतर बरा झालेला पाय जुन्या बुटातून तोच संसर्ग परत घेतो.

बूट केव्हा टाकावा हेही आपण विचारले आहे. इनसोल बदलून, आतला थर घासून, बूट वजनावर कोरडा ठरवून आणि पाय निरोगी असल्याची खात्री करूनही चार-पाच सरावांत वास परत येत असेल, तर इनसोलखालच्या कापडाला बोटाने दाबून पाहावे. ते कुजून सुटत असेल किंवा बुरशी त्यात खोल गेली असेल, तर तो बूट दुरुस्तीपलीकडे गेला आहे. धावण्याच्या बुटाची उशी साधारण ५०० ते ८०० किलोमीटरनंतर तशीही बसते, आणि पहाटेचा चढ व त्यानंतरचा मैदानावरचा सराव धरला तर भरतीच्या मुलांचे एवढे अंतर वर्षाच्या आत पुरे होते. तो टप्पा जवळ आलेला असेल तर जुन्या बुटावर आणखी पैसे खर्च न करता नवा जोड घ्यावा, आणि पहिल्याच दिवशी त्याचे कोरडे वजन लिहून ठेवावे.